कपाटातलं क्रेडिट कार्ड बंद होऊ नये म्हणून

प्रश्न : ताई, मी चिपळूणजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. आठ वर्षांपूर्वी घेतलेलं एक क्रेडिट कार्ड कपाटात पडून आहे. वार्षिक फी नाही, मर्यादा दीड लाख. अडीनडीला असावं म्हणून ठेवलंय. घरखर्च दुसऱ्या कार्डावर होतो. दोन आठवड्यांपूर्वी मेसेज आला की वर्षभर न वापरल्यामुळे हे कार्ड बंद होणार. आता काय करू?

उत्तर : दिवस थोडे उरले होते म्हणून तुम्हाला फोनवर लगेच सांगितलं. इतरांचीही अशी कार्डं कपाटात असतील, त्यांच्यासाठी इथे लिहिते.

नियम रिझर्व्ह बँकेचा, २०२२ सालचा आहे. कार्ड एक वर्षाहून जास्त वापरलं नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करायची प्रक्रिया सुरू करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही आणि थकबाकी नसेल, तर खातं बंद.

मात्र मेसेज खरा आहे ना, हे आधी पाहा. ‘कार्ड बंद होतंय, या लिंकवर जा’ असं सांगून लुबाडणारे पुष्कळ आहेत. लिंक उघडू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. ‘मला कार्ड चालू ठेवायचं आहे’ असं स्पष्ट सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

मग त्याच दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन शंभर-दोनशेची खरेदी या कार्डावर करा. दुकानात मशीनवर पिन टाकूनच करा, कारण ज्या कार्डावर कधीच ऑनलाइन व्यवहार झालेला नाही, त्याची ती सोय २०२० च्या नियमाने बंद झालेली असू शकते. ती बँकेच्या अ‍ॅपमधून तुम्हालाच चालू करता येते. पिन आठवत नसेल तर तोही तिथेच नवा करता येतो.

पुढेही दर तीन-चार महिन्यांनी अशी एक खरेदी पुरे. पण बिल विसरू नका! दोनशे रुपयांचं बिल राहिलं तरी त्यावर दंड आणि व्याज लागू शकतं, शिवाय उशिराची नोंद क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, जाऊ शकते. बचत खात्यातून ऑटो डेबिट लावा, म्हणजे बिल आपोआप भरलं जाईल, आणि त्यात ‘किमान रक्कम’ नव्हे, ‘पूर्ण रक्कम’ निवडा.

एवढा खटाटोप कशासाठी? तुमचेच आकडे घ्या. फोनवर तुम्ही सांगितलंत, रोजच्या कार्डाची मर्यादा ५०,००० आणि महिन्याचा खर्च साधारण ३०,००० आहे. दोन्ही कार्डं मिळून मर्यादा दोन लाख, म्हणजे वापर १५ टक्के. जुनं कार्ड गेलं की तोच खर्च ६० टक्के दिसतो. तुम्ही एक रुपयाही जास्त खर्च केलेला नसतो, तरी मर्यादेचा वापर जास्त दिसल्याने क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज देण्याआधी बँका बघतात ते गुण, उतरू शकतो. पुढच्या वर्षी घरासाठी कर्ज काढायचं म्हणता, तर आत्ता हे होऊ देऊ नका. फी भरावी लागणारं, नको असलेलं कार्ड असतं तर मीच म्हटलं असतं, बंद करा. तशी मागणी केली की बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायचं असतं.

हे मी इतकं पोटतिडकीने सांगते, कारण माझ्यावर ती वेळ आली आहे. साताऱ्याहून पुण्याला आल्यावर मी मोबाइल नंबर बदलला, बँकेत मात्र जुनाच राहिला. मेसेज कुठे गेला, कोण जाणे. आईला रात्री अकरा वाजता दवाखान्यात नेलं, अनामत रकमेसाठी कार्ड पुढे केलं, आणि मशीनने ते नाकारलं. शेजारच्या काकांनी पैसे भरले म्हणून निभावलं. आई पलंगावर, आणि मी काउंटरवर पुनःपुन्हा तेच कार्ड घालून बघते आहे, हे अजून डोळ्यांपुढे येतं.

म्हणून बँकेशी फोनवर बोलताना तुमचा मोबाइल नंबर, ईमेल आणि पत्ताही तपासून घ्या. कार्डावरची मुदतीची तारीखही बघा. नवं कार्ड पोस्टाने जुन्या भाड्याच्या घरी गेलं, तर ही सगळी मेहनत वाया जाईल.