नकाशाची लिंक पाठवली आणि विहिरी समुद्रात गेल्या

प्रश्न : गावातल्या १४० विहिरी आणि बोअरची यादी आम्ही दोघांनी मिळून एक्सेलमध्ये केली आणि गूगलच्या ‘माय मॅप्स’वर चढवली. काही विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात दिसतात, काही गावाच्या दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटरवर. यादी तर बरोबर आहे! – एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर : यादीत दोन वेगवेगळ्या चुका एकत्र झाल्या आहेत.

समुद्रातल्या विहिरींचे अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. सासवड साधारण १८.३४ उत्तर, ७४.०३ पूर्व. आकडे फिरवले की नॉर्वेच्या उत्तरेकडल्या बेअर आयलंड बेटाच्या दक्षिणेचं पाणी लागतं. गूगल मॅप्सवरून आकडे उचलले तर आधी अक्षांश येतो. केएमएल आणि जिओजेसन या नकाशावरच्या जागा साठवणाऱ्या फाइलींच्या आत मात्र आधी रेखांश असतो. एकाने इथून आणि दुसऱ्याने तिथून आकडे घेतले की असंच होणार. महाराष्ट्रापुरता उपाय सोपा आहे. आपले अक्षांश साधारण १५.६ ते २२.१ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ मध्ये बसतात. अक्षांशाचा रकाना चढत्या क्रमाने लावा. तळाशी सत्तरीचे आकडे जमा झाले की त्याच ओळी उलट्या.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण ठिपका जमिनीवरच पडतो आणि कोणाला शंका येत नाही. १८ अंश २० मिनिटे २४ सेकंद हे कोणीतरी १८.२०२४ असं लिहिलंय. खरं रूपांतर असं : २० भागिले ६०, अधिक २४ भागिले ३६००, म्हणजे १८.३४. फरक सुमारे १५ किलोमीटरचा. हे ओळखायचं कसं? सेकंद कधी ५९ च्या वर जात नाहीत. संशयित ओळींमध्ये दशांशचिन्हानंतरची तिसरी-चौथी जागा बघा. तीस-चाळीस ओळींत एकदाही ६० ते ९९ मधला आकडा आला नसेल, तर ते दशांश अंश नव्हेतच.

तिसरी चूक अजून झालेली नाही, पण होईल म्हणून सांगतो. एक्सेलमध्ये रकाना दोन दशांशांवर दाखवत असाल आणि फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) म्हणून जतन केलीत, तर पडद्यावर दिसतं तेवढंच फाइलीत जातं. अक्षांशाचे दोन दशांश म्हणजे १.१ किलोमीटर, सगळ्या विहिरी दोन-चार ठिकाणी एकमेकींवर चढून बसतील. पाच दशांश ठेवा, म्हणजे सुमारे १.१ मीटर. त्यापुढचे आकडे फोनच्या जीपीएसला झेपतच नाहीत.

प्रश्न : शेपफाइल पाठवली, तर समोरच्याला मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. शिवाय रकान्यांची नावं अर्धवट तुटलेली. – वर्धा

उत्तर : शेपफाइल म्हणजे नकाशाची माहिती देण्याघेण्याचा जुना प्रकार. नावाला एक फाइल, प्रत्यक्षात ते कुटुंब असतं. एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ या तिघांशिवाय चालत नाही. अक्षरांची पद्धत सांगणारी सीपीजी फाइल सोबत गेली नाही, की समोरचं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि देवनागरीचा भुगा होतो. रकान्याच्या नावाला जागा फक्त १० बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे नावाची तीनच चिन्हं उरतात. ‘विहीर’ लिहायला गेलात तर ‘विह’ एवढंच बसतं. रकान्यातल्या मजकुरालाही मर्यादा आहे : २५४ बाइट, म्हणजे ८४ चिन्हं.

आमचं मत विचाराल तर आपसातल्या देवाणघेवाणीसाठी शेपफाइल सोडाच. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमधून जिओपॅकेज या प्रकारची फाइल काढा : फाइल एकच, मराठी शाबूत, नावांची कापाकापी नाही. एक्सेलमधून द्यायचं असेल तर जतन करताना साधा ‘सीएसव्ही’ नव्हे, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा.

तुम्ही वर्ध्याचे म्हणून एक सूचना. शेपफाइल देणं भागच असेल तर आकडे कोणत्या मोजणी पद्धतीतले ते सांगणारी पीआरजे फाइल विसरू नका. यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये मोजतात, आणि ७८ अंश रेखांशावर हा पट्टा बदलतो. अमरावती ४३ मध्ये, वर्धा ४४ मध्ये. पीआरजे नसली आणि समोरच्याने सवयीने ४३ निवडला, तर तुमचा जिल्हा सहा अंश पश्चिमेला सरकून अरबी समुद्राच्या वाटेला लागतो.

प्रश्न : दिंडीतल्या पाण्याच्या टँकरच्या जागांचा नकाशा ‘माय मॅप्स’वर केला आणि ग्रुपवर लिंक टाकली. कोणीतरी खुणा ओढून भलतीकडे नेल्या. – फलटण

उत्तर : लिंक ‘पाहण्यासाठी’ नाही, ‘संपादनासाठी’ गेली. शेअरच्या खिडकीत सर्वांसाठी फक्त पाहण्याचा हक्क ठेवा. बदलाचा हक्क दोघा-तिघांच्या ईमेल पत्त्यांना द्या. मूळ तक्ता वेगळ्या शीटमध्ये ठेवावा, नकाशा बिघडला तर पुन्हा चढवता येतो. एका थरात २,००० ओळी आणि नकाशात १० थर चालतात, तेव्हा मुक्कामानुसार थर पाडायला भरपूर जागा आहे. टँकरचालकांचे मोबाइल नंबर मात्र त्यात टाकू नका.

वाटेत नेटवर्क नसेल तर लिंक निरुपयोगी. नकाशाच्या मेनूतून केएमएल उतरवा आणि ‘ऑरगॅनिक मॅप्स’सारख्या ॲपमध्ये उघडा; त्या भागाचा नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. उतरवताना ‘नेटवर्क लिंक’चा पर्याय निवडला असेल तर फाइलीत जागा नसतातच, फक्त पत्ता असतो, आणि इंटरनेट गेलं की नकाशा कोरा.

प्रश्न : गूगल मॅप्सवरची मंदिरं, शाळा बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरल्या तर चालेल? – कणकवली

उत्तर : नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी मिळून भरलेला जगाचा नकाशा. त्याची माहिती खुल्या परवान्याखाली कोणालाही वापरता येते, म्हणूनच दुसऱ्याच्या नकाशावरून नक्कल तिथे चालत नाही; सापडली की काढून टाकतात. स्वतः जाऊन पाहिलेलं, स्वतःच्या जीपीएसने नोंदवलेलं भरा. पाटीवरचं नाव देवनागरीत आहे तसंच द्या.