डिमेलोंच्या नावातली तिरकी रेघ

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे. सभासद-नोंदणीचा फॉर्म ओळखीतल्या एका मुलाने लिहून दिला. आमच्याकडे डिमेलो, डिसोझा बरेच. ते इंग्रजीत नाव लिहितात तेव्हा ‘डी’नंतर ॲपॉस्ट्रॉफी येते. ओळखपत्रावर तिच्याआधी एक तिरकी रेघ छापून आली. नाव दुरुस्त करून पुन्हा साठवलं तर तीन रेघा, नंतर सात! शेवटी मुलाने ‘नावात अक्षरांशिवाय काहीच चालणार नाही’ असा नियम टाकला. हॅकर याच चिन्हातून शिरतात, आता साइट पक्की झाली, असं तो म्हणतो. पण आता मराठीत नाव लिहिणाऱ्यांचेही अर्ज परत येताहेत. काय करावं?
— चिटणीस, एक वाचनालय, वसई

उत्तर : चिटणीससाहेब, एक, तीन, सात हा हिशेब तुम्ही कळवलात ते फार बरं केलंत. आजार त्यातच दिसतो. फॉर्ममधून आलेल्या मजकुरातल्या ॲपॉस्ट्रॉफीआधी वर्डप्रेस आपणहून तिरकी रेघ घालतं. ही फार जुनी सवय आहे, आणि मला विचाराल तर वाईट सवय आहे. साठवण्याआधी ती रेघ काढायची असते. तुमच्या मुलाने ती काढली नाही. पुढच्या खेपेला साठलेल्या रेघेचीही दुप्पट होते आणि वर ॲपॉस्ट्रॉफीची नवी एक येते, म्हणून एकाच्या तीन, तिनाच्या सात. ‘डब्ल्यूपी अनस्लॅश’ नावाचं फंक्शन यासाठीच आहे. एका ओळीचं काम.

आता गंमत पाहा. रेघ कार्डावर छापून आली, ही खरं तर चांगली खूण आहे. मुलाने नाव थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला हुकूम देण्याच्या भाषेतल्या, वाक्यात चिकटवलं असतं, तर डेटाबेसने ती रेघ खाऊन टाकली असती आणि कार्डावर नाव बिनचूक आलं असतं. रेघ टिकली, म्हणजे निदान या ठिकाणी तरी त्याने मजकूर योग्य वाटेने डेटाबेसकडे पाठवला असावा. ज्या चिन्हाला तो घाबरला, त्याचा बंदोबस्त त्याच्या हातून आधीच झाला होता.

मराठी नावं का अडतात? इंटरनेटवर सापडणारा ‘फक्त अक्षरं’वाला तयार नियम युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हं नोंदणाऱ्या यादीचा, ‘अक्षर’ हा वर्ग तपासतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, अक्षराचा पाय मोडणारी खूण हे सगळं युनिकोडमध्ये वेगळ्या वर्गात आहे. म्हणून ‘कमल शरद भगत’ आत जातील आणि कुलकर्णी पहिल्याच उकाराला अडतील. नियम ठेवायचाच असेल, तर त्यात त्या दुसऱ्या वर्गाचीही भर घालायला सांगा. तरी बऱ्हाटे आणि गोऱ्हे यांच्याकडे लक्ष असू द्या. काही कीबोर्डांवर ‘ऱ्ह’ लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह पडतं. ते गाळलं की ‘बर्हाटे’ होतं आणि माणूस काउंटरवर भांडायला येतो. त्याचं बरोबरच असतं.

आता ‘साइट पक्की झाली’ याविषयी. नाही झाली. मोठी भोकं पडली ती नावाच्या रकान्यातल्या अक्षरांनी नव्हे. ज्याला कुणी ‘बाहेरून आलेला मजकूर’ समजतच नव्हतं, तिथे ती पडली.

वर्डप्रेसचंच घ्या. ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत लेख बदलण्याची विनंती पत्त्यावरून करता येत असे. पत्त्यात लेखाचा क्रमांक, समजा १२३. तिथे आकडेच चालतील अशी तपासणी होती. पण त्याच पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर ‘आयडी=१२३एबीसी’ जोडलं, की वर्डप्रेस आधीचा क्रमांक सोडून हा धरायचं. परवानगी तपासणारा भाग १२३एबीसी या क्रमांकाचा लेख शोधायचा. तो नाहीच! मग लेखच नाही तर अडवायचं कशाला, म्हणून पुढे जाऊ द्यायचा. पुढचा भाग त्याच मजकुराचा आकडा करायचा, एबीसी गळून पडायचं आणि १२३ क्रमांकाचा खराखुरा लेख बदलला जायचा. पासवर्ड लागत नव्हता. दुरुस्ती ४.७.२ मध्ये २६ जानेवारी २०१७ ला आली. लोकांच्या साइट अद्ययावत व्हाव्यात म्हणून तिचा गवगवा १ फेब्रुवारीपर्यंत मुद्दाम टाळला होता. तरी ज्यांनी आपोआप अपडेट बंद ठेवलं होतं, त्यांची लाखो पानं परस्पर बदलून विद्रूप केली गेली. तिथे तुमचा ‘फक्त अक्षरं’चा नियम काय करणार होता?

ड्रुपल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट तर याहून बोलकी. ड्रुपल ७ मध्ये डेटाबेसकडे जाणारा प्रत्येक मजकूर हुकमापासून वेगळा, नीट बांधून पाठवला जायचा. पण एका रकान्यात एकाऐवजी अनेक मजकुरांची यादी आली, तर त्या यादीतल्या नोंदींची नावं, म्हणजे शून्य, एक, दोन, ही जशीच्या तशी एसक्यूएलच्या वाक्यात जात. आणि ती नावंही ब्राउझरकडूनच येतात! लॉगिनच्या रकान्यात नावाऐवजी अशी यादी पाठवली आणि नोंदीच्या नावातच हुकूम लिहिला की झालं. १५ ऑक्टोबर २०१४ ला ७.३२ आवृत्ती आली, दुरुस्ती एका ओळीची. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा चमूने जाहीर सांगितलं, की घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच धरावं.

जूमला या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०१५ साली ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीतून लोक आत शिरले. ती ओळ कोण तपासतो?

तेव्हा मुलाला रागावू नका, कामाला लावा. नावाच्या रकान्यात लांबीची मर्यादा ठेवायची, बाकी माणसाचं नाव आहे तसं घ्यायचं. डेटाबेसकडे पाठवताना वर्डप्रेसच्या ‘प्रिपेअर’ या फंक्शनमधूनच पाठवायचं. आणि पानावर दाखवताना ‘एस्क एचटीएमएल’ हे फंक्शन लावायचं, म्हणजे नावात आलेली एचटीएमएलची, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेतली, खूण नुसता मजकूर म्हणून दिसते. हेच बहुतेक जण विसरतात. तुम्ही स्वतः पाहू शकता : नियम सैल केल्यावर चाचणीचा एक सभासद नोंदवा आणि त्याच्या नावाभोवती ठळक अक्षरांची एचटीएमएल खूण टाइप करा. यादीत नाव ठळक दिसलं, तर उद्या कुणी तिथे स्क्रिप्टही, म्हणजे पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅमही, चालवील. ती खूण अक्षरशः जशीच्या तशी दिसली, तर ठीक. यादीसोबत ओळखपत्राचं पान आणि तुम्हाला येणारा ईमेलही पाहा.

प्रश्न : आमच्या शिबिराची फी फॉर्ममध्ये आपोआप भरली जाते, बदलता येत नाही. तरी एका अर्जासोबत एकच रुपया जमा झाला. पेमेंटवाले म्हणतात आमची चूक नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : त्यांची चूक नाहीच. ‘बदलता येत नाही’ हे फक्त तुमच्या पडद्यावर. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून पानाची आतली रचना उघडली, की कुणीही तो आकडा बदलू शकतो. ब्राउझरकडून फक्त शिबिर कोणतं एवढंच घ्या. फी सर्व्हरने आपल्या तक्त्यातून काढावी आणि पैसे आल्यावर जमा रक्कम तिच्याशी ताडून मगच नोंदणी पक्की करावी. जुन्या नोंदीही एकदा ताडून घ्या. हा एकटाच असेल असं मला वाटत नाही.