प्रबंधाचं विश्लेषण अर्ध्यावर आहे, एसपीएसएस आणि आर या दोन्ही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या घ्याव्यात का? आणि नव्या सोयींपैकी खरोखर कामाच्या कोणत्या?

चालू विश्लेषण ज्या आवृत्तीत सुरू केलंत, त्याच आवृत्तीत पूर्ण करा. नवी हवी तर शेजारी टाकून ठेवा. विंडोजवर आरच्या दोन आवृत्त्या एकाच संगणकावर सुखाने नांदतात. पण जुनी काढून टाकू नका.

असं आग्रहाने सांगण्याचं कारण म्हणजे डिफॉल्ट, म्हणजे आपण काही निवडलं नाही तर सॉफ्टवेअर आपोआप धरतं ते. नवीन काय आलं ते सगळे उत्साहाने वाचतात, पण आधीपासून असलेलं काय बदललं हे फारसं कुणी वाचत नाही, आणि संशोधकाला धोका असतो तो तिथेच. आरच्या ३.६.० आवृत्तीत, म्हणजे २०१९ मध्ये, यादृच्छिक नमुना काढण्याची पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत फार मोठ्या समष्टीतून निवड करताना किंचित झुकाव येत होता. बदल योग्यच होता. पण परिणाम बघा. सीड (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) १२३ ठेवून १ ते १० हे आकडे 'सॅम्पल' या आज्ञेने पिसले, तर जुन्या आवृत्तीत ३, ८, ४, ७, ६ असा क्रम सुरू होतो आणि नव्या आवृत्तीत ३, १०, २, ८, ६ असा. पहिला आकडा तोच, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला वाटतं सगळं जुळतंय. एररही येत नाही. सहभागींची गटवारी किंवा बूटस्ट्रॅप (हाती असलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढणं) 'सॅम्पल' वापरून केलं असेल, तर सीड तोच ठेवूनही उत्तर वेगळं येणार. (जुनी पद्धत परत आणायची सोय 'आरएनजीकाइंड'मध्ये आहे, सॅम्पलचा प्रकार 'राउंडिंग' करा.)

एसपीएसएसमध्येही अशी एक जागा आहे. २८व्या आवृत्तीपासून टी-टेस्टच्या (दोन सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीच्या) तक्त्यात एकपुच्छ (फरकाची एकच दिशा धरणारं) आणि द्विपुच्छ (दोन्ही दिशा धरणारं) अशी दोन्ही पी-मूल्यं शेजारी-शेजारी येतात, आणि एकपुच्छ आधी. पूर्वी तिथे फक्त द्विपुच्छ मूल्य असायचं. सवयीने पहिला आकडा उचलला की पी निम्मा होतो आणि ०.०८चा ०.०४ होऊन निष्कर्षच फिरतो. दिशा आधीपासून ठरवलेली नसेल तर दुसराच रकाना घ्यायचा.

आता कामाच्या सोयी. एसपीएसएस २७ पासून टी-टेस्टबरोबर कोहेनचा डी (फरक किती मोठा आहे ते सांगणारं माप, म्हणजे इफेक्ट साइझ) आणि त्याचा विश्वास-अंतराल थेट मिळतो, नमुना-आकार ठरवण्यासाठी पॉवर ॲनालिसिसही मेनूत आहे. परीक्षक इफेक्ट साइझ हमखास विचारतात, तेव्हा तुमची आवृत्ती २६ किंवा त्याआधीची असेल तर पुढच्या कामासाठी एवढ्या एका कारणावरही नवी घ्यावी.

आरमध्ये ४.१.० आवृत्तीत आलेल्या पाइपची (एका आज्ञेचं उत्तर थेट पुढच्या आज्ञेला देणाऱ्या चिन्हाची) चर्चा खूप झाली. लिहायला छान आहे, इतकंच. मला त्याहून मोलाची वाटते ती ४.२.० आवृत्ती, २०२२ची. अद्ययावत विंडोजवर तिथपासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) झालं. प्रश्नावलीतली मुक्त उत्तरं देवनागरीत असतील तर हा फरक किती मोठा आहे ते तुम्हाला लगेच कळेल: पूर्वी तक्ता छापला की अक्षरांच्या जागी 'यू अधिक ०९२८' असे कोनी कंसातले संकेतांक दिसायचे आणि उत्तर वाचायलाच मिळायचं नाही. आता 'नाही' हे 'नाही' असंच दिसतं. त्याच आवृत्तीत 'इफ' (जर-तर) आज्ञेच्या अटीत एकाहून जास्त मूल्यं आली तर सरळ एरर येऊ लागली. आधी फक्त इशारा देऊन पहिलं मूल्य वापरलं जायचं आणि चुकीचं गणित पुढे चालू राहायचं. चुकलेलं काम जिथल्या तिथे थांबवणारी सोय मला कुठल्याही नव्या आलेखापेक्षा जास्त हवी असते.

जुन्या विश्लेषणाचं उत्तर नव्या आवृत्तीतही तेच येईल हे पाहण्याची जबाबदारी स्टाटा या तिसऱ्या सॉफ्टवेअरने सर्वांत नीट पेलली आहे, असं माझं मत आहे. डू-फाइलच्या (आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलच्या) पहिल्या ओळीत 'व्हर्जन' लिहून आकडा दिला की नवं स्टाटाही त्या जुन्या आवृत्तीच्या नियमांनी चालतं. आरमध्ये पॅकेजेसच्या (जोड-संचांच्या) आवृत्त्या 'आरएन्व्ह' या पॅकेजने गोठवता येतात; ते आजच करा. एसपीएसएसमध्ये मेनूतून काम करत असाल तर दर वेळी 'ओके'ऐवजी 'पेस्ट' दाबून सिंटॅक्स (त्या कामाच्या लिखित आज्ञा) जपून ठेवा. तो हाताशी असला की नव्या आवृत्तीत तेच विश्लेषण पुन्हा चालवून आकडे ताडून पाहणं थोड्या वेळाचं काम आहे, आणि नसला तर कुठला पर्याय निवडला होता ते आठवत बसावं लागतं.

पद्धतींच्या प्रकरणात नुसतं 'एसपीएसएस वापरलं' असं न लिहिता आवृत्तीचा पूर्ण क्रमांक द्या, आरसाठी पॅकेजेसचेही आणि सीडही. कोणत्या चाचण्या वापरताय आणि सध्या कोणत्या आवृत्त्या आहेत ते लिहिलंत, तर त्यापुरतं काय बदललंय ते सांगता येईल.