पिकअपचं इंजिन ऑइल दर वेळी वेगळं दिसतं, मग खरी लेव्हल कुठली धरायची?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड बोलेरो पिकअप घेतलीय, सकाळी असल्फाला घराजवळ बघितलं की ऑइल मॅक्सच्या वर असतं, दुपारी मार्केटला बघितलं की मिनला टेकलेलं, वर पट्टीच्या (ऑइल मोजायची डिपस्टिक, तिच्यावरच मिन-मॅक्सच्या खुणा असतात) एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, मग यातलं खरं कुठलं. खरं सांगायचं तर यातलं एकही एकटं धरू नका. एकाच जागी, एकाच पद्धतीने बघत राहा आणि मागच्या वेळेपेक्षा किती हललं तेवढंच बघा, बाकी सगळा गोंधळ आपोआप संपतो. आमच्या घरच्या पिकअप वाशी एपीएमसीहून दादरला भाजी टाकतात, ड्रायव्हर बदलतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या पद्धतीने ऑइल बघतो, त्यामुळे हा वाद आमच्याकडे कायमचाच आहे.

पहिलं कारण तुमची पार्किंगची जागाच आहे. असल्फा म्हणजे सगळा डोंगरउतार, तिथे गाडी नाक वर करून उभी असणार, आणि चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं ऑइल उताराकडे जाणारच, ताट एका बाजूने उचललं की आमटी दुसऱ्या काठाला जाते तसं. पट्टी चेंबरच्या कुठल्या टोकाला उतरते त्यावर मग ते जास्त दिसेल किंवा कमी, ऑइल तेवढंच असतं. फूटपाथवर दोन चाकं चढवून लावली तरी हेच, आणि मुंबईत सरळ लावायला जागा मिळते कुठे म्हणा.

पिकअपचं अजून एक आहे जे कारवाल्यांच्या लक्षात येत नाही. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात, रिकामी गाडी मागून उचललेली असते आणि दीड टनाच्या आसपास माल भरला की मागून बसते, म्हणजे सपाट रस्त्यावरसुद्धा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा कल वेगळा. सकाळी रिकामी बघितली, दुपारी भरलेली बघितली तर दोन आकडे येणारच. म्हणून नेहमी रिकामी असतानाच बघायची. आणि जागा म्हणाल तर वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म बऱ्यापैकी लेव्हलमध्ये असतो पण तिथे दहा मिनिटं उभं राहिलात तर मागचे हॉर्न वाजवून डोकं उठवतील, त्यापेक्षा पेट्रोल पंपाच्या हवेच्या मशीनजवळचा किंवा एखाद्या गोडाऊनच्या आतला सिमेंटचा सपाट तुकडा पकडा आणि तोच कायमचा ठेवा.

दुसरं कारण वेळ. इंजिन चालू असताना बरंचसं ऑइल वर हेडमध्ये, गॅलरीत (इंजिनमधल्या ऑइलच्या वाटांमध्ये), टर्बोच्या लाइनमध्ये फिरत असतं, गाडी बंद केल्या केल्या पट्टी काढली तर ते अजून खाली आलेलं नसतं, म्हणून कमी दिसतं. दुपारचा तुमचा मिन बहुतेक हाच आहे. रात्रभर उभी गाडी असेल तर सगळं खाली उतरलेलं असतं म्हणून सकाळी जास्त दिसतं, त्यात चढाची भर. यात अजून एक बारीक गंमत म्हणजे गरम ऑइल फुगतं, चार-पाच लिटरच्या चेंबरमध्ये थंड आणि पूर्ण गरम यात साधारण पाव लिटरपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून थंड बघायचं की गरम हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तसंच करा. मॅन्युअल हाताशी नसेल तर मी काय करतो सांगतो, गाडी चांगली चालून गरम झाली की सपाट जागी बंद करायची, चहा घ्यायचा, दहा मिनिटांनी बघायचं. पाच मिनिटंही चालतात म्हणणारे आहेत, पण जाड ऑइल आणि पावसाळ्यातली सकाळ असेल तर दहाच बऱ्या.

आता पट्टी. पहिल्यांदा काढली की ती वाचायचीच नाही, कारण गाडी धावताना ऑइल उडून नळीच्या भिंतीला चिकटलेलं असतं. स्वच्छ कपड्याने पुसा, धागे सुटणारं कॉटन वेस्ट नको कारण तो धागा आत गेला की ऑइल पंपाच्या जाळीत बसतो, जुना बनियन बेस्ट. परत पूर्ण आत घाला, वरची मूठ टेकेपर्यंत, अर्धवट राहिली तर ऑइल आहे त्यापेक्षा कमी दिसतं. सरळ बाहेर काढा आणि टोक खाली किंवा आडवं धरून वाचा, टोक वर केलं की ऑइल मुठीकडे ओघळतं आणि खोटी फुल लेव्हल दिसते. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला जास्त दिसतं तो नळीला घासून लागलेला ओघळ असतो, म्हणून जी बाजू कमी दाखवते आणि जिथे पूर्ण रुंदीभर सलग थर आहे ती लेव्हल धरा, वरचे ठिपके नि रेघा सोडून द्या. दोनदा करा, दोन्ही वेळा सारखं आलं तर ते खरं. नवीन ऑइल टाकल्यावर ते इतकं नितळ असतं की पट्टीवर दिसतच नाही, तेव्हा मोबाईलचा टॉर्च तिरका मारा, कडा चमकते.

सेकंडहँड गाडी आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. पट्टी ओरिजिनल आहे की नाही याची खात्री काय? तुटली, हरवली की गॅरेजवाला दुसऱ्या मॉडेलची बसवून देतो आणि ती थोडी लांब किंवा आखूड असते, मग मिन-मॅक्सच्या खुणा नुसती सजावट. याचा एकच पक्का उपाय, पुढच्या ऑइल बदलीला स्वतः उभं राहा. सपाट जागी गरम ऑइल पूर्ण गळू द्या, नवीन फिल्टर टाका, मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट जितकं लिटर लिहिलंय तितकंच मोजून भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा म्हणजे फिल्टर भरेल, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग पट्टी बघा. जिथे ऑइल आलं ती तुमची खरी फुल लेव्हल, मॅक्सवर असो की चार मिलिमीटर खाली. तिथे कानसाने बारीक खूण करा, पट्टी पुसून परत घाला. यापुढे छापील खुणेपेक्षा ही खूण जास्त कामाची. आधीच्या मालकाने कुठलं ऑइल टाकलंय ते माहीत नसतंच, त्यामुळे ही बदली लवकर करून घेतलेली बरी.

मॅक्सच्या वर आहे म्हणून खूश होऊ नका. जास्त ऑइल क्रँकला (इंजिनच्या खालच्या फिरत्या दांड्याला) लागलं की फेस होतो, फेसात हवा असते, बेअरिंगला दाब मिळत नाही, सीलमधून गळती सुरू होते आणि डिझेल इंजिनात जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत गेलं तर इंजिन तेच जाळून पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. म्हणून टॉप-अप करताना पाव लिटरच्या आत टाका, पाच मिनिटं थांबा, बघा, मग पुढचं. जास्त झालंच तर पट्टीच्या नळीतून बारीक पाइप आणि मोठी सिरिंज लावून काढता येतं, चेंबरचा बोल्ट सैल करून थोडंसं काढायच्या फंदात पडू नका, हात भाजतात आणि ऑइल सगळं खाली.

आणि न टाकता लेव्हल वर जात असेल तर ती सगळ्यात वाईट बातमी. तुमची गाडी २०२० नंतरची बीएस-६ असेल आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये त्याची सफाई अर्धवट राहते, सफाईसाठी उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पट्टीवर वाढलेलं दिसतं. बोटाला घासून वास घ्या, डिझेलचा वास आला तर ऑइल बदला आणि डीपीएफचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेला एक सलग राउंड मारून ती सफाई पूर्ण होऊ द्या. ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलाय, नाहीतर हिंदमाता-मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ते पाणी. तेव्हा सेल्फ मारू नका, टो करा. फिलर कॅपच्या खाली थोडासा पांढरा फेस मात्र पावसाळ्यात दमटपणाने दिसतो, पट्टी स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही. काळं झालं म्हणून तर अजिबात नाही, डिझेलचं ऑइल काजळीने लवकरच काळं होतं.

ड्रायव्हरला एवढं मात्र पक्कं सांगा की डॅशबोर्डवरचा लाल ऑइल दिवा लेव्हल दाखवत नाही, दाब दाखवतो. तो धावताना लागला म्हणजे इंजिनला पुरेशा दाबाने ऑइल मिळत नाहीये, गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची, गॅरेजपर्यंत चालवून बघू असं नाही, त्यातच बेअरिंगं जातात आणि मग हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन खोलून करायचं मोठं काम निघतं.

तुमच्यासाठी आता काय, तर या आठवड्यात सपाट जागी रिकामी गाडी एकदा बघा, तारीख आणि किलोमीटर डिझेलच्या वहीतच लिहा, आठवड्याने परत तिथेच बघा. दोन्ही वेळा मिन-मॅक्सच्या मध्ये आलं तर टॉप-अपला हात लावू नका. आणि दुपारचं ते मिन बघून मार्केटमध्ये आधीच कोणी लिटरभर ओतून ठेवलं असेल, तर सकाळचं मॅक्सच्या वरचं ऑइल फक्त चढामुळे नाही, तेही आधी सपाटीवर तपासून घ्या आणि जास्त निघालं तर काढूनच गाडी लाइनीला लावा.