शाब्दिक उदाहरणांत उत्तरामागचा विचार कसा काढून घ्यावा

नव्याने शिकवू लागलेल्या तुम्हांला माझा पहिला आग्रह असा की, चुकीचे उत्तर पाहताच त्यावर फुली मारू नका. नागपुरातील मुलांना मी नेहमी संत्र्यांचे उदाहरण देते: कळमन्याच्या बाजारातून 288 संत्री आणली, त्यांपैकी एक षष्ठांश खराब निघाली आणि उरलेली 60 रुपये डझन या भावाने विकली, तर किती रुपये मिळाले? उत्तर 1200 रुपये. एकदा शेजारी बसलेल्या दोघांनीही 240 लिहिले होते. ‘हे 240 कशाचे?’ असे विचारल्यावर एक म्हणाला, ‘चांगल्या संत्र्यांचे’. तो वाटेतच थांबला होता. दुसऱ्याने खराब 48 संत्र्यांचे चार डझन करून त्यांचीच किंमत काढली होती. आकडा एकच असला, तरी दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी होती.

म्हणून प्रत्येक पायरीपुढे ती संख्या कशाची आहे, हे मुलांना शब्दांत लिहायला लावा. सुरुवातीला त्यांना घरच्या बोलीत, वऱ्हाडीत का होईना, सांगू द्या. प्रमाण भाषेचा आग्रह तेव्हा धरल्यास विचारच आटतो. ‘उरले म्हणजे वजाबाकी’ अशा खुणा मात्र शिकवू नका. ‘5 पेरू खाल्ल्यावर 7 उरले, तर आधी किती होते?’ येथे बेरीजच करावी लागते. आणि बरोबर उत्तरालाही ‘का?’ विचारा, नाहीतर हा प्रश्न म्हणजे चुकल्याची खूण, असेच मुले धरून चालतात.