काटा मध्यावर, तरी गाडी तापलेली

माझ्याकडे सुपरचार्जरची व्ही6 पेट्रोल गाडी आहे. पसरणी घाटात दोन-तीन वळणं जोरात काढली की ताकद पडते. तापमानाचा काटा मात्र मध्यावरून हलत नाही. मेकॅनिक म्हणतो, गाडीत काही नाही. (वाई)

गाडीत नक्कीच काहीतरी आहे, फक्त ते काट्याला दिसत नाही. तो काटा इंजिनाभोवतीच्या कूलंटचं तापमान सांगतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंप. त्याच्या गाडीत दुसरा ताप असतो तो आत जाणाऱ्या हवेचा. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक कसं तापतं ते आठवा. एप्रिलमधली 40 अंशांची हवा 0.6 बार दाबानं कोंबली की ती शंभरीच्या आसपास जाते. ती गार करायला बहुतेक अशा गाड्यांत वेगळा लहान रेडिएटर आणि विजेवर चालणारा छोटा पंप असतो. हवा गार झाली नाही की इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी भडकून ठोके पडतात. मग गाडीतला कॉम्प्युटर स्वतःच इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि तुम्हाला ताकद पडल्यासारखी वाटते. इंजिन वाचावं म्हणून तो हे करतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे अशीच गाडी आली होती. घाट उतरून आल्यावर बोनेट उघडलं आणि समोरच्या लहान रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावला. एक चटका देत होती, दुसरी जेमतेम कोमट. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं, पंप बंद पडला होता. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता.

तुम्ही स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून इनटेक हवेचं तापमान बघा. चढावर ते वाढणारच. पाय सैल केल्यावर मिनिटभरात उतरायला लागलं तर ठीक. वर गेलं आणि तिथेच बसलं तर पंप, त्याचा फ्यूज आणि त्या सर्किटमध्ये अडकलेली हवा, या क्रमानं तपासायला सांगा. कूलंट बदलल्यावर या सर्किटची हवा नीट न काढणं, ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक आहे.

सिग्नलला एसी चालू असला की काटा वर सरकतो, हायवेला लागलो की खाली येतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकायला सांगतायत. काढू का? (सांगली)

अजिबात काढू नका. वेगात असताना काटा उतरतो, म्हणजे उभ्या गाडीला वारा मिळत नाही. आधी पंखा पूर्ण वेगानं फिरतो का ते बघा. मग जाळ्या. तुमचीही गाडी सुपरचार्जरची असेल तर पुढे एकामागे एक तीन जाळ्या असतात: चार्ज कूलरची (आत जाणारी हवा गार करणारा तो लहान रेडिएटर), एसीची आणि मुख्य रेडिएटरची. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरलेल्या गाडीत या जाळ्यांच्या मधल्या फटीत पाचटाचा भुगा आणि धूळ नमद्यासारखी बसलेली मी हातानं काढली आहे. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छच दिसते. बंपर काढून, जाळ्या सैल करून, इंजिनाच्या बाजूनं बाहेर असं हलक्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन हायवेला हवं तेवढं तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइल गार राहून झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तो नसला की थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं.

दर महिन्याला कूलंट थोडं कमी होतं. घरच्या बोअरचं पाणी घातलं तर चालेल का? (विटा)

नाही. त्या क्षारांचा थर आत बसतो. कंपनीनं सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. पण खरा प्रश्न कूलंट जातंय कुठे हा आहे. व्ही इंजिनात सुपरचार्जरच्या खाली प्लास्टिकचे पाइप असू शकतात. उष्णतेनं ते ठिसूळ होतात, जोडाला चीर जाते आणि वरून काही दिसत नाही. इंजिन बंद केल्यावर गोडसर वास येतो, वाळलेली पांढरी किंवा रंगीत पापडी दिसते. सिस्टिमला प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि कूलंटच्या टाकीचं झाकणही तपासा. ते कुकरच्या शिट्टीचं काम करतं. पाचगणी साधारण 1,300 मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण 1 बार दाब धरत असेल तर कूलंट सव्वाशेच्या आसपासपर्यंत उकळत नाही. गाडी गरम असताना मात्र त्या झाकणाला हात लावू नका.

सुपरचार्जरला लहान पुली बसवून बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवायचाय. (कराड)

सध्या नको. लहान पुलीनं सुपरचार्जर जोरात फिरतो, हवा आणखी तापते, आणि तो फिरवायला लागणारी ताकदही इंजिनाकडूनच जाते. आधी मोठा चार्ज कूलर रेडिएटर आणि चांगला पंप बसवा, 95 किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं पेट्रोल वापरा, मग ट्यूनरकडे जा.

घाटात काटा लालकडे जायला लागला तर काय करायचं? (सातारा)

एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, काचा खाली, पाय हलका. हलक्या पायावर सुपरचार्जरचा बायपास (हवेला वळसा देणारी झडप) उघडतो आणि हवा दाबली जात नाही. सुरक्षित जागा दिसली की थांबा. वाफ किंवा गळती दिसली, किंवा काटा लालमध्ये शिरला, तर लगेच इंजिन बंद करा. नाहीतर पंखा चालू ठेवून दोन-तीन मिनिटं आयडलला राहू द्या. काटा उतरला तरी टो करूनच न्यायची का, हे कूलंटची पातळी बघून ठरवा. कूलंटची टाकी रिकामी दिसली तर गाडी पुन्हा सुरू करू नका.