जुन्या १०८० टीआय ग्राफिक्स कार्डाची बस ३५२ बिटची, नव्या ४०६० ची १२८ बिटचीच. मग लोक नवं का सुचवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओळखीतून जीटीएक्स १०८० टीआय मिळतंय, त्यात ११ जीबी मेमरी आणि ३५२ बिटची बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातली डेटाची वाट. दुकानात नवं आरटीएक्स ४०६० आहे, त्यात ८ जीबी आणि १२८ बिट. बोर्ड २०१८ सालचा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ५५० वॅटचा, मॉनिटर फुल एचडी, आणि गेमिंगसोबत थोडंफार ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर.

मी १०८० टीआय चार वर्षं वापरलंय आणि त्या कार्डावर माझा जीव होता. मार्च २०१७ मध्ये ते ६९९ डॉलरला आलं तेव्हा गेमरसाठी त्याच्या तोडीचं फारसं काही नव्हतं. तरीही आज ते घेऊ नका असंच सांगेन. तुमचा गोंधळ मात्र अगदी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कूडा कोर, म्हणजे चिपमधले गणितं करणारे छोटे भाग, बघा. १०८० टीआयमध्ये ३५८४ कोर आहेत. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० मध्येही बरोबर ३५८४. ४०६० मध्ये त्याहून कमी, ३०७२. आता ३०६० च्या आधीचं २०६० घ्या: त्यात १९२० कोर. म्हणजे एका पिढीत कोर जवळपास दुप्पट झाले, पण गेममधले फ्रेम काही दुप्पट झाले नाहीत. कारण मधल्या काळात कोर मोजायची रीतच बदलली. २०६० च्या पिढीत दशांशाची गणितं आणि पूर्णांकांची गणितं यांचे मार्ग वेगळे होते आणि मोजणीत फक्त दशांशाचा मार्ग धरला जायचा. ३०६० च्या पिढीत पूर्णांकांच्या मार्गालाही दशांशाचं गणित करता यायला लागलं, मग तोही कोर म्हणून मोजला गेला. गेममध्ये पूर्णांकांचं कामही बरंच असतं, तेव्हा हे जास्तीचे कोर कायम मोकळे मिळत नाहीत. त्यात चिपच्या घड्याळाचा वेग वेगळा: १०८० टीआयचा बूस्ट (भाराखालचा वाढीव वेग) १५८२ मेगाहर्ट्झ, ४०६० चा २४६०. म्हणून कोरची तुलना एकाच पिढीतल्या दोन कार्डांत करा. पिढी ओलांडली की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आता बस. बँडविड्थचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्याचा, हिशेब कागदावर करता येतो: बसची रुंदी गुणिले मेमरीचा वेग, भागिले ८. जुन्या कार्डाचं ३५२ गुणिले ११ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ४८४ जीबी. नव्याचं १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे २७२ जीबी. जवळपास निम्मं! पण इथे एक आकडा खोक्यावर छापलेला नसतो, तो म्हणजे चिपच्या आतली एल२ कॅश, हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी. १०८० टीआयमध्ये ती ३ एमबीच्याही आत आहे, ४०६० मध्ये २४ एमबी. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा मोठा असला की फोडणीच्या वेळी कोठीच्या खोलीत खेपा घालाव्या लागत नाहीत, मग कोठीचं दार अरुंद असलं तरी चालतं. तसंच हे. फुल एचडीवर बरंचसं काम डब्यातच भागतं. फोरकेवर डबा पुरेनासा होतो आणि अरुंद दार जाणवायला लागतं. तुमचा मॉनिटर फुल एचडी आहे, तेव्हा १२८ बिटची धास्ती सोडा.

८ जीबीची काळजी मात्र खरी आहे, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. मेमरीची क्षमता हा एकच आकडा असा आहे की तो जुन्या-नव्या कार्डांत जवळपास सरळ ताडून बघता येतो. टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) मावले तर मावले, नाही मावले तर डेटा बोर्डावरच्या रॅममधून आणावा लागतो. आणि ४०६० ला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या, ८ च लेन आहेत. तुमच्या २०१८ च्या बोर्डावर त्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतील. मेमरी पुरतेय तोवर फरक पडत नाही, पण ८ जीबी ओसंडली की गेम अडखळायला लागतो.

आता या आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टी. १०८० टीआयमध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याचं) हार्डवेअर नाही, मेश शेडर ही आकार रेखाटायची नवी सोय नाही, कमी रेझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं डीएलएसएस चालत नाही, एव्ही१ या नव्या प्रकारचा व्हिडिओ कार्डावर डीकोड होत नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’सारखा गेम रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय चालतच नाही, मग तुमच्याकडे ११ जीबी असो की २२. ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हीडियाने १०८० टीआयच्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येणार. ब्लेंडरमध्ये सायकल्सला (त्याच्या रेंडर इंजिनाला) ऑप्टिक्स या एनव्हीडियाच्या पर्यायावर लावलं की रेंडरमधलं प्रकाशकिरणांचं काम नव्या कार्डातले आरटी कोर, म्हणजे रे ट्रेसिंगचे खास कोर, उचलतात. तो फरक तुम्हाला रेंडरला लागणाऱ्या वेळेत दिसेल.

वीजही बघा: १०८० टीआयला २५० वॅट आणि ४०६० ला ११५ वॅट. रोज चार तास पूर्ण भाराने खेळलात तर महिन्याला सुमारे १६ युनिटचा फरक. शिवाय १०८० टीआयला कंपनीनेच ६०० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे, तुमचा ५५० चा.

माझं कार्ड सेकंडहँड होतं. विकणाऱ्याने ‘घरगुती वापर’ सांगितलं होतं. तीन महिन्यांत पंखे ओरडायला लागले म्हणून उघडलं, तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खपली धरलेली आणि मेमरीवरच्या थर्मल पॅडमधून तेल सुटून बोर्डावर पसरलेलं. पॅड बदलले, पेस्ट लावली आणि तापमान १४ अंशांनी उतरलं. त्यामुळे जुनं कार्ड कुणाकडूनही घ्या, ओळखीचा असला तरी समोर अर्धा तास भार देऊन, तापमान बघूनच घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड शोधलं असतं. १९२ बिटची बस, १६ लेन, १७० वॅट. तुमच्या बोर्डालाही सोयीचं आणि ब्लेंडरच्या जड सीनलाही पुरेसं. डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (मधले फ्रेम एआयने बनवणं) त्यात मिळणार नाही, आणि फुल एचडी गेमिंगमध्ये ४०६० त्याच्या पुढे आहे. ब्लेंडर अगदीच क्वचित उघडत असाल तर सरळ ४०६० घ्या. फक्त एक सांभाळा: ३०६० याच नावाने ८ जीबीचंही कार्ड निघालंय, त्याची बस १२८ बिटचीच आहे आणि ते बरंच हळू आहे. पैसे देण्याआधी खोक्यावर १२ जीबी लिहिलंय ना, ते वाचून घ्या.